बैल उशिरा निघतात

दुपारची जेवणं झाल्यावर सदाशिवराव टीव्हीसमोर बसले नाहीत, तेव्हा पहिल्या दिवशी शकुबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही ते ओसरीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग शकुबाईंनी यवतमाळला लेकीला, सुरभीला, फोन लावला.

"सुरभे, तुह्या बाबानं खेळ सोडला व."

"सोडला म्हणजे?"

"त्या डब्याले हातच लावून नाई राह्यले. इचारलं तं म्हन्ते, माह्या हातात दम नाई राह्यला आता. तू येऊन पाह्य एकडाव."

मागच्या वर्षी सदाशिवरावांना लकवा मारला होता. तोंड आणि पाय लवकर सावरले, पण उजवा हात मागे राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. चार दिवस त्यांनी तो दाबला आणि मग "हे लहान लेकराचं काम हाये" म्हणून कोनाड्यात टाकून दिला. त्यांचा हात खऱ्या अर्थानं हलता केला तो सुरभीनं बनवलेल्या व्हिडिओगेमनं. रोज दुपारी ते टीव्हीला जोडलेल्या कन्सोलचा कंट्रोलर मांडीवर घ्यायचे, पडद्यावर बैलांची जोडी उभी राहायची, आणि तासभर त्यांची बोटं चालत राहायची. सुरुवातीला अंगठा बटणावरून घसरायचा. पावसाळा संपेपर्यंत ते शर्टाच्या गुंड्या स्वतः लावायला लागले होते.

आता तोच माणूस म्हणत होता की हातात दम नाही.

*

त्या खेळाचं नाव होतं 'धुरकरी'. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, छकड्यावर बसून बैल हाकतो तो धुरकरी. सदाशिवराव तरुणपणी नेर-दिग्रसकडच्या पटांत धुरकरी म्हणून गाजलेले होते. पुढे पट बंद पडले, शेतात ट्रॅक्टर आला आणि त्यांच्या गोष्टी ऐकायला घरात कोणी उरलं नाही. तेव्हा ऐकायला बसला तो पियूष.

पियूष आणि सुरभी अमरावतीच्या इंजिनियरिंग कॉलेजात एका वर्गात होते. पुढे पुण्यात एकाच कंपनीत दुसऱ्यांच्या खेळांतले दोष काढत बसायचे. लॉकडाउनमध्ये दोघंही घरी परतले. पियूषचं घर यवतमाळला. वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. एकदा तो सुरभीच्या गावी आला आणि दोन दिवस राहिला. सदाशिवराव बोलत होते आणि तो वहीत बैलांचे पाय काढत होता.

"काका, सुटतानी पहिला पाय कोणता पडते?"

"अरे, ते बैलावर हाये. पन कासरा कवा ढिला सोडाचा, ते धुरकऱ्यावर हाये. एक पापणी लवली का पट गेला."

"सुरभी," जाताना पियूष म्हणाला होता, "हे असंच्या असं खेळात आणू. दुसऱ्यांची धुणी किती दिवस धुवायची?"

म्हणजे कल्पना त्याची होती. हे सुरभी कधी नाकारत नव्हती. चित्रं त्याची, लोकांशी बोलणं त्याचं, हैदराबादची प्रकाशक कंपनी शोधून आणली तीही त्यानंच. सुरभीकडे होतं ते खेळाचं पोट, म्हणजे आतलं सगळं प्रोग्रामिंग. यवतमाळला दत्त चौकाच्या मागे त्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि कामाला लागले.

पट डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो, म्हणून खेळणाऱ्यानं बटण दाबलं की त्याच क्षणी पडद्यावर कासरा ढिला पडला पाहिजे. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदललं, तर हात आणि बैल एक होतात. तीस वेळा बदललं, तर डोळ्याला फारसं कळत नाही, पण हाताला कळतं. साठ वेळा बदलायचं तर यंत्राला तेवढं काम झेपलं पाहिजे, आणि ते काम कमी करत जाणं हाच सुरभीचा धंदा होता. बैलांच्या खुरांखालची धूळ तिनं कणाकणानं काढायचं सोडून चार पातळ पडद्यांवर उडवली. लांबची माणसं नुसती सपाट चित्रं केली, जवळची तेवढी हलती ठेवली. बैलांच्या सावल्या दर दुसऱ्या चित्राला नव्यानं काढल्या; कोणाला पत्ता लागला नाही. वर्षभर ती हेच घासत राहिली.

"एवढं कायले?" पियूष वैतागून विचारायचा. "तीसवर ठेव ना. बाहेर पडू दे खेळ."

"आपल्या इकडं ज्यांच्याजवळ आहे, त्यांच्याजवळ साधाच कन्सोल आहे. तोही कोणाचा तरी वापरलेला. त्यांच्या हाताला बैल लागला पाहिजे, पियूष. नाहीतर पट कशाला म्हणायचं?"

आणि साध्या कन्सोलवर खेळ खरोखर लोण्यासारखा चालला. सदाशिवरावांनी पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा बैल सुटले आणि त्यांच्या तोंडून ओळखीची हाळी निघाली. ती ऐकून शेजारचे लोक अंगणात आले होते. त्या दिवशी पियूषनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं होतं.

*

सुरभी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गावी गेली आणि वडिलांना घेऊन पुन्हा यवतमाळला डॉक्टरांकडे आली. डॉक्टरांनी त्यांच्याकडून पेन उचलून घेतलं, बोटं एकेक करून अंगठ्याला लावून घेतली, मूठ आवळायला सांगितली.

"मागच्या खेपेपेक्षा हात चांगला आहे," ते म्हणाले. "बराच चांगला. काय करता तुम्ही?"

"करत होतो," सदाशिवराव म्हणाले. "आता नाई होत."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या शेतात उभ्या होत्या. सुरभीनं दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा ते "डाक्टरले काय समजते" एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर तिनं चहा होऊ दिला आणि मग कंट्रोलर त्यांच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, माझ्यासाठी एक पट."

"नको व."

"एकच."

ते बसले. शकुबाई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर बैल फुरफुरत होते, निशाण वर गेलं होतं. सुरभी पडद्याकडे बघत नव्हती. ती वडिलांच्या अंगठ्याकडे बघत होती.

निशाण पडल्याचा आवाज आला. अंगठा दाबला गेला, अगदी त्याच क्षणी. आणि मग, थोड्या वेळानं, बैलांच्या खुरांचा आवाज आला.

"पाह्य," सदाशिवराव म्हणाले. त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला. "पाह्यलं? बैल उशिरा निघून राह्यले. हात माहा थकला."

सुरभीनं कंट्रोलर उचलला आणि स्वतः खेळली. मग पुन्हा खेळली. तिसऱ्यांदा तिनं मोबाईल हातावर आणि पडद्यावर एकदम रोखून चित्रण केलं आणि ते हळू करून पाहिलं. तिचाही अंगठा आधी आणि बैल नंतर. हा खेळ तिनं हजारो वेळा खेळला होता. ऑफिसातल्या यंत्रावर, तिच्या स्वतःच्या प्रतीत, तो कालही नीट चालत होता. इथे चालत होती ती इंटरनेटवरून आपोआप लोकांच्या घरी जाणारी प्रत, आणि ही प्रत तिची नव्हती. चित्र तिसावर आणलेलं होतं, हे तर डोळ्यालाच दिसत होतं. शिवाय बटणाला वेगळाच उशीर होता.

"बाबा, तुमचा हात बरोबर आहे."

"मन राखू नोको माहं."

"मन नाई राखून राह्यली. खेळच बिघडलाय."

"कोनं बिघडवला?"

"पाहून सांगते," ती म्हणाली. पण तिला कळलेलं होतं. बाहेर जाणाऱ्या प्रतीला हात लावणारी माणसं दोनच होती.

*

झालं होतं ते असं. मागच्या दिवाळीच्या सुमारास परदेशात त्याच कन्सोलची नवी, दांडगी आवृत्ती आली होती. पिढी तीच, फक्त आतली ताकद वाढवलेली. आपल्याकडे दुकानात ती दिसतही नव्हती, पण तिकडे विकत घेणाऱ्यांना प्रश्न होता की एवढं करून वेगळं काय दिसतं. हैदराबादच्या प्रकाशकाला त्यात संधी दिसली. आपल्या खेळाची नवी प्रत आली, फरक डोळ्यांत भरला, की नाव होणार. सुरभीनं ते कामही मन लावून केलं. नव्या यंत्रावर लांबची पऱ्हाटी बोंडासकट दिसायला लागली, धुळीतून ऊन झिरपायला लागलं. काम देऊन ती धाकट्या बहिणीच्या, खुशीच्या लग्नासाठी गावी गेली.

"आता महिनाभर लॅपटॉप उघडू नको," पियूष तेव्हा म्हणाला होता. "प्रत मी पाठवतो. तू फक्त नाच."

त्याला प्रोग्रामिंग फारसं जमत नसे. पण कोणत्या यंत्रावर खेळ कसा चालावा, हे आकडे बदलून ठरवता येईल अशी सोय सुरभीनंच त्याला करून दिली होती. आपण आजारी पडलो, गावी अडकलो तर याचं काम खोळंबू नये म्हणून.

*

ती ऑफिसात पोचली तेव्हा पियूष खिडकीपाशी चहा पीत होता.

"काका कसे आहेत? डॉक्टर काय म्हणाले?"

"साध्या कन्सोलवर तू काय केलंस?"

कशाबद्दल बोलतेस, असं त्यानं विचारलं नाही. कप खाली ठेवला. तेवढ्यावरून सुरभीला सगळं समजलं.

"बस ना आधी."

"उभीच बरी आहे."

"त्यांनी दोन्ही चित्रणं शेजारी शेजारी लावली," पियूष म्हणाला. "साधा आणि नवा. दहा माणसांना दाखवली. लांबची पऱ्हाटी कोण बघतं सुरभी, सगळे बैल बघतात. आणि बैल दोन्हीकडं सारखेच पळत होते. त्यांचा तो माणूस मला म्हणाला, तुमचा जुनाच इतका चांगला चालतो, तर लोकांनी नवा का घ्यायचा? आणि आम्ही तुमचा खेळ पुढे का करायचा? तू काम इतकं चांगलं करून ठेवलं होतंस की..."

"की तू ते मोडलंस."

"मोडलं नाही. तीसवर आणलं. जगातले अर्धे खेळ तीसवर चालतात."

"आणि बटण?"

त्यानं कप पुन्हा उचलून तोंडाला लावला.

"तीसवर आणल्यानं एवढा उशीर होत नाही, पियूष. बटणाचं काय केलं?"

"तीसवर आणल्यावर बैल अडखळल्यासारखे दिसत होते. चित्रणात ते वाईट दिसलं असतं. म्हणून पुढची दोन-तीन चित्रं आधीच तयार ठेवायची तुझी ती सोय आहे ना, ती सुरू केली. दिसायला गुळगुळीत झालं. पण ती तयार चित्रं संपेपर्यंत हाताला थोडं..."

"थोडं?"

"लोकांना सवय होते."

"लोक तक्रारी करत होते. मी वाचल्या होत्या. तू उत्तर दिलं होतंस की यंत्रातला पंखा साफ करा, धूळ बसली असेल." सुरभीचा आवाज पहिल्यांदा चढला. "मला ते खरं वाटलं. मीही एकाला सांगितलं, पंखा साफ कर म्हणून!"

पियूष खिडकीबाहेर बघायला लागला. खाली रिक्षावाले भांडत होते.

"कधी केलंस हे?"

"कंपनीला घाई होती."

"कधी?"

"हळदीच्या दिवशी," तो म्हणाला. "तुमच्या माडीवर."

सुरभीला तो दिवस आठवला. अंगणात बायका खुशीला हळद लावत होत्या आणि पियूष वर लॅपटॉप घेऊन बसला होता. बिचारा लग्नातही आपलंच काम करतोय म्हणून तिनं स्वतः ताट वाढून वर नेलं होतं. त्यानं लॅपटॉप अर्धा मिटला होता आणि हसून म्हटलं होतं, "तू जा, फोटो काढ." तेव्हा तिला त्याची माया आली होती.

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मग खेळ तसाच पडून राहिला असता. इतर शेकडो खेळांसारखा." तो तिच्याजवळ आला. "आज तिकडं लोक धुरकरी म्हणायला शिकलेत, सुरभी. तुझ्या बाबांच्या बैलांची चाल लोक बघतायत. तुला हेच हवं होतं ना? होळीपर्यंत जाहिरात चालणार आहे. ती संपली की तुझं जुनं जसंच्या तसं परत लाव. माझा शब्द आहे. तोवर जरा धीर धर."

ती खुर्चीवर बसली. तिला राग आला होता, आणि तरी त्या खोलीत तिचीही वर्षं गेली होती. भिंतीवर पियूषनं काढलेले बैल होते. त्यांच्यातल्या डाव्या बैलाचं शिंग सदाशिवरावांनी तीनदा बदलायला लावलं होतं. होळी फार लांब नव्हती. वडिलांच्या कन्सोलवर आपण आपली प्रत घालून देऊ, असा विचार तिच्या मनात आला, आणि त्या विचाराची तिला लगेच लाजही वाटली. पण ती "नाही" म्हणाली नाही. "पाहू," एवढं म्हणून ती उठली.

*

"तुमचा हात थकला नाही," तिनं घरी येऊन वडिलांना सांगितलं. "पियूषनं साध्या कन्सोलवर खेळ मुद्दाम हळू केला. नवा चांगला दिसावा म्हणून."

सदाशिवराव तूर पाखडत बसलेल्या शकुबाईंकडे बघत होते. ऐकलं की नाही, अशी तिला शंका आली.

"म्हंजे त्याले माह्यीत होतं," ते म्हणाले.

"त्यानंच केलं, बाबा."

"तसं नाई म्हनून राह्यलो मी. माहं त्याले माह्यीत होतं. मी त्याले इचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"नव्या सालाचा फोन आलता त्याचा. काका, तब्येत कशी हाये म्हने. मी म्हटलं, बापू, खेळात काई बदल केला काय रे? बैल उशिरा निघून राह्यले. तं तो म्हने, नाई काका, खेळ तसाच हाये. तुमचा हात थकला असंन. वय झालं, होते असं. आराम करा."

शकुबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"म्हून मी आराम केला," सदाशिवराव म्हणाले. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. उलटा करून, सुलटा करून. "मले वाटलं, लकवा परत फिरून राह्यला. रोज सकाळी उठलो का आधी बोटं हालवून पाहो. तुह्या मायले नाई सांगतलं."

सुरभी उठून अंगणात गेली आणि तिनं पियूषला फोन लावला.

"बाबांनी तुला विचारलं होतं?"

"सुरभी, मी काय सांगणार होतो त्यांना? कोणालाच सांगायचं नव्हतं."

"सांगू नको ना. 'माहीत नाही' म्हण. 'बघतो' म्हण. फोन कापल्यासारखं कर. तू त्यांना हात थकलाय म्हणालास. लकवा झालेल्या माणसाला!"

"बोलण्याच्या ओघात निघून गेलं गं. खरंच. मला नंतर वाईट वाटलं."

"नंतर फोन केलास?"

"नाही."

तिनं फोन ठेवला. तोवर तिला वाटत होतं की पियूषनं तिचं काम मोडलं, आणि मोडलेलं काम दुरुस्त होतं. आता तिला त्याचा तो आवाज ऐकू येत होता, काळजीचा, मायेचा, काकांना आराम करा म्हणणारा. तो आवाज तिला चांगला माहीत होता. तिच्याशीही तो त्याच आवाजात बोलायचा.

त्याच संध्याकाळी, देवापुढे दिवा लागत असताना, तिनं खेळाच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहिलं. आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत. साध्या कन्सोलवर खेळ हळू झालाय, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. तुमचं यंत्र बिघडलेलं नाही, पंख्यात धूळ नाही, आणि तुमचा हातही थकलेला नाही. नव्या यंत्राचा फरक दिसावा म्हणून आम्हीच हे केलं. खेळ साध्या यंत्रावर कसा चालू शकतो, हे मला माहीत आहे, कारण तो मी तसा चालवला होता. खाली तिनं आपलं नाव घातलं.

पियूषनं ते तासाभरात काढून टाकलं. पण तोवर लोकांनी त्या मजकुराचे फोटो काढून सगळीकडे पाठवले होते.

*

पुढचे दिवस वाईट गेले. हैदराबादहून वकिलाची नोटीस आली; करारातली गुप्तता मोडल्याबद्दल सुरभीला खेळापासून दूर करण्यात आलं. पियूषच्या वडिलांनी, श्रीकृष्णकाकांनी, मध्ये पडायचा प्रयत्न केला. "दोघं भावंडांसारखी होता, घरात मिटवा," असं ते म्हणाले. त्यांना मुलानं अर्धंच सांगितलं होतं. सुरभीनं उरलेलं अर्धं सांगितलं, तेव्हा त्यांनी "हं" म्हणून फोन ठेवला आणि परत केला नाही.

ऑफिसातून आपलं सामान आणायला ती गेली, तेव्हा पियूष नव्हता. मुद्दामच नसावा. तिनं आपला कीबोर्ड पिशवीत घातला. 'धुरकरी'ची प्रत सोबत न्यायची परवानगी नव्हती. तिच्या धुळीची, तिच्या सावल्यांची प्रत आता दुसऱ्यांच्या मालकीची होती; आणि त्यातच तिच्या वडिलांच्या बैलांची चालही होती.

होळीच्या आधीच नवी प्रत आली. साध्या कन्सोलवर खेळ पुन्हा साठवर गेला, बटणाचा उशीर निघून गेला. कंपनीनं जाहीर केलं की खेळाडूंच्या सूचनांचा आदर करून हा बदल केला आहे. सुरभीनं घरी चित्रण हळू करून पाहिलं, सगळं तिचंच जुनं होतं, काही बदललेलं नव्हतं. लोकांनी कंपनीचं कौतुक केलं. काहींनी पियूषचं नाव घेऊन आभार मानले.

तिला पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरबसल्या मिळालं. पुन्हा दुसऱ्यांचे खेळ घासायचे.

सदाशिवराव पुन्हा खेळायला लागले, पण आधीसारखे नाही. पूर्वी जोडी मागे पडली की ते स्वतःवर चिडायचे, कंट्रोलर गच्च धरून लगेच दुसऱ्या पटाला उभे राहायचे. आता ते थांबायचे. मान वळवून सुरभीला विचारायचे, "हे मी चुकलो का त्यायनं काई केलं?"

"तुम्हीच चुकले, बाबा."

"खरं सांगून राह्यली?"

"खरं."

मग ते पुढचा पट खेळायचे. पण पुन्हा चुकले की पुन्हा विचारायचे. ती घरात नसली की ते खेळतच नसत. शकुबाई सांगायच्या, "कंट्रोलर घेते, पाह्यते, ठेवून देते."

*

होळीनंतर एका दुपारी पियूष आला. यवतमाळहून मोटरसायकलवर आला होता, केसांत धूळ होती. तो फाटकातच उभा राहिला. सुरभी ओसरीत काम करत बसली होती. ती उठली नाही.

सदाशिवराव बाहेर आले.

"या," ते म्हणाले. "बसा."

पियूषचा चेहरा उतरला. त्या घरात त्याला कधी कोणी अहो-जाहो केलं नव्हतं. लग्नात तर सदाशिवरावांनी चारचौघांत त्याच्या पाठीत धपाटा घालून "काबे, जेवला का नाई?" असं विचारलं होतं.

"काका, मी माफी मागायला आलो."

"बसा ना. ऊन लय हाये. पानी घ्या."

शकुबाईंनी पाणी आणलं, मग चहा आणला. पियूष खाटेच्या कडेवर बसला. त्यानं बोलायला सुरुवात केली की त्याच्यावर किती दबाव होता, कंपनी कशी मागे लागली होती, त्या दिवशी फोनवर तो घाईत कसा होता. सदाशिवराव ऐकत होते. मध्येच त्यांनी मान डोलावली, पाहुण्याच्या बोलण्याला डोलावतात तशी.

"वडलाची तब्येत बरी हाये ना तुमच्या?" त्याचं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं.

"हो."

"रस्ता कसा हाये आता? काम चालू होतं."

"बरा आहे." पियूषच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, तुम्ही मला शिव्या द्या. काहीही म्हणा. पण असं नका बोलू."

"शिव्या कायले देऊ, बापा?" सदाशिवराव शांतपणे म्हणाले. "तुमी काई माह्ये कोनी नाई."

त्यानं सुरभीकडे पाहिलं. तिनं लॅपटॉपवरून नजर वर केली आणि त्याच्याकडे बघितलं. तिला वाटलं होतं की हा समोर आला की आपण खूप बोलू. आठवडेच्या आठवडे तिनं ती वाक्यं मनात जुळवली होती. आता त्यातलं एकही बोलावंसं वाटेना. कॉलेजातल्या पहिल्या वर्षापासूनचा तो माणूस समोर बसला होता, चहाचा कप हातात घेऊन, आणि तिला फक्त हे कळत होतं की यानं पुढे कधीही काहीही सांगितलं, तरी ते खरं आहे का हे आपल्याला आधी तपासून पाहावं लागेल.

"चहा थंड होते," ती म्हणाली.

त्यानं चहा संपवला. शकुबाईंना नमस्कार करायला वाकला, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले. सदाशिवराव मात्र फाटकापर्यंत सोडायला गेले, रीत म्हणून. मोटरसायकल वळणावरून दिसेनाशी झाल्यावर ते परत आले आणि खाटेवर बसले.

"पोरगा चांगला होता," ते म्हणाले.

शकुबाईंनी कपबश्या उचलल्या आणि त्या मोरीकडे गेल्या.